रिपोर्टमधली साखर, चिठ्ठीतली गोळी

“उपाशीपोटी साखर १३२ आली, म्हणजे मधुमेह झालाच का?” “लॅबमध्ये १४० आणि घरच्या मशिनवर १५८, मग खरे कोणते?” “मेडिकलवाल्याने दुसऱ्याच कंपनीची गोळी दिली, चालेल का?” “गोळी एकदा सुरू झाली की जन्मभर घ्यावी लागते ना?” मधुमेहाविषयी वाचक हेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात आणि त्यांना घाईत दिलेली अर्धवट उत्तरे मिळतात.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. गोव्यातले प्रमाण देशात सर्वाधिक, २६.४ टक्के आहे. घरोघरी पोहोचलेल्या आजाराबाबत गाफीलपणाही लवकर येतो. त्यातून दोन चुका सतत घडतात: एका आकड्यावर विसंबून निदान केले जाते, आणि तीच चिठ्ठी वर्षानुवर्षे तपासणीविना पुढे चालू राहते. दोन्ही टाळता येतात. त्यासाठी तुम्हाला डॉक्टर व्हावे लागत नाही, पण काही गोष्टी माहीत हव्यात.

एका आकड्यावर शिक्का मारून घेऊ नका

मधुमेहाच्या निदानासाठी शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत केलेली चाचणीच ग्राह्य धरतात. मर्यादा अशा आहेत (साखरेचे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये):

- उपाशीपोटी साखर १२६ किंवा अधिक
- ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी २०० किंवा अधिक
- एचबीएवनसी, म्हणजे गेल्या सुमारे तीन महिन्यांची सरासरी, ६.५ टक्के किंवा अधिक
- खूप तहान, वारंवार लघवी, वजन घटणे अशी ठळक लक्षणे असताना कोणत्याही वेळची साखर २०० किंवा अधिक

लक्षणे नसतील तर एकच वाढलेला आकडा पुरेसा नसतो, ही गोष्ट सर्वांत जास्त दुर्लक्षित राहते. तीच चाचणी पुन्हा करावी लागते, किंवा त्याच नमुन्यावर केलेली दुसरी चाचणीही मर्यादेच्या वर असावी लागते. म्हणजे कसलाही त्रास नसताना १३२ आली, तर “दुसऱ्या चाचणीने खात्री करून घेऊ या का?” असे डॉक्टरांना विचारणे अगदी योग्य आहे. मात्र लक्षणे स्पष्ट असतील आणि साखर तीनशे-चारशेच्या घरात असेल, तर खात्रीच्या नावाखाली आठवडा घालवणे धोक्याचे ठरते.

उपाशीपोटी १०० ते १२५ किंवा एचबीएवनसी ५.७ ते ६.४ असेल तर ती मधुमेहपूर्व अवस्था. तिथे बहुतेकांना गोळीपेक्षा वजन, चालणे आणि जेवण यांकडे लक्ष देण्याची गरज असते. वर्षाने पुन्हा तपासा.

रक्त देताना होणाऱ्या चुका

“उपाशीपोटी” म्हणजे किमान आठ तास पाण्याशिवाय काहीही नाही. सकाळचा अर्धा कप साखरेचा चहा घेऊन लॅबमध्ये गेलात तर ती चाचणी उपाशीपोटीची राहत नाही. जेवणानंतरची चाचणी पहिल्या घासापासून दोन तास मोजून करायची असते, ताटावरून उठल्यापासून नव्हे.

आधीच औषधे चालू असलेले कितीतरी जण चाचणीच्या दिवशी गोळी टाळतात, किंवा दोन दिवस आधीपासून भात-गोड सोडतात. अशाने आलेला आकडा रोजच्या जगण्याचा नसतो आणि त्यावरून बदललेला डोसही चुकतो. नेहमीचे जेवा. सकाळची गोळी उपाशीपोटी रक्त दिल्यानंतर, नाश्त्याच्या वेळी घ्या, आणि जेवणानंतरची चाचणी औषधासह करा.

नळीत घेतलेल्या रक्तातल्या पेशी साखर वापरत राहतात. ती वापरली जाऊ नये म्हणून सहसा करड्या झाकणाची, फ्लोराइड घातलेली नळी वापरतात. साध्या नळीतले रक्त तासन् तास पडून राहिले तर साखर दर तासाला साधारण ५ ते ७ टक्क्यांनी कमी होत जाते. घरी येऊन नमुना नेणाऱ्यांना “प्रयोगशाळेत किती वेळात पोहोचेल?” एवढे जरूर विचारा.

घरच्या ग्लुकोमीटरचे काम रोजचा कल दाखवण्याचे आहे, निदान करण्याचे नाही. साखर १०० च्या वर असताना प्रयोगशाळेच्या तुलनेत १५ टक्के वरखाली असा फरक आंतरराष्ट्रीय मानकाला मान्य आहे, त्यामुळे १४० आणि १५८ यांत मशिन बिघडले असे समजायचे कारण नाही. शिवाय जेवणानंतर बोटाच्या टोकावरच्या रक्तात शिरेतल्या रक्तापेक्षा साखर जास्तच असते. आंबा चिरलेल्या हाताने तपासणी केली तर मात्र आकडा खोटाच येणार. साबणाने हात धुऊन कोरडे करा, पट्ट्यांची मुदत पाहा आणि डबी उघडी ठेवू नका.

आणखी एक गोष्ट. न्यूमोनिया, शस्त्रक्रिया, हृदयविकाराचा झटका अशा काळात साखर तात्पुरती वाढते. दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी घेतलेल्या स्टेरॉइडनेही वाढते. कोविडच्या लाटेत हे हजारो घरांनी पाहिले. त्या काळात औषध लागू शकते, पण बरे झाल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा तपासून ते अजून लागते का हे ठरवायला हवे. असे न झाल्याने कितीतरी जण नको असलेली गोळी घेत राहतात.

एचबीएवनसी कधी फसवते

ही चाचणी तांबड्या रक्तपेशींना चिकटलेली साखर मोजते. पेशी सरासरी १२० दिवस जगते या गृहीतावर तिचा हिशेब उभा आहे. पेशींचे आयुष्य बदलले की आकडा चुकतो.

लोहाच्या कमतरतेमुळे झालेल्या रक्तक्षयात एचबीएवनसी खोटे वाढलेले दिसू शकते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. म्हणजे पाळीत जास्त रक्तस्राव होणाऱ्या एखाद्या बाईचे ६.६ हे फक्त लोह कमी असल्याचेही लक्षण असू शकते. तिला मधुमेही ठरवण्याआधी हिमोग्लोबिन आणि उपाशीपोटी साखर पाहिलीच पाहिजे.

उलटही घडते. सिकलसेल, थॅलेसेमिया, नुकतेच चढवलेले रक्त किंवा डायलिसिस यांमुळे एचबीएवनसी खोटे कमी येऊ शकते आणि खरा मधुमेह लपून राहतो. नंदुरबार, गडचिरोली आणि विदर्भाच्या इतर भागांत सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. तिथल्या रुग्णांनी डॉक्टरांना हे आपणहून सांगावे. अशा वेळी थेट साखर मोजणाऱ्या चाचण्यांवर किंवा फ्रुक्टोसामाइन चाचणीवर विसंबतात.

गरोदरपणातही एचबीएवनसी पुरेसे नसते. राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी साखर मोजतात. त्यासाठी उपाशी असावे लागत नाही. १४० किंवा अधिक म्हणजे गरोदरपणातला मधुमेह. ही चाचणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत होते. बाळंतपणानंतर साधारण दीड महिन्याने आईची साखर पुन्हा तपासायची असते. बाळाच्या कौतुकात आईची ही तपासणी बहुतेक घरांत राहून जाते, म्हणून तारीख आधीच लिहून ठेवा.

मधुमेह आहे, पण कोणता?

हा प्रश्न विचारलाच जात नाही, आणि सर्वांत गंभीर नुकसान इथेच होते.

मूल अचानक पुन्हा अंथरूण ओले करू लागले, सारखे पाणी मागते, खाऊनही वाळत चालले आहे, तर त्याच दिवशी साखर तपासा. टाइप १ मधुमेहात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही. काही दिवसांत रक्तात आम्ले साचून मुलाला उलट्या, पोटदुखी आणि धाप लागते. याला कधी अपेंडिक्स, कधी न्यूमोनिया, कधी लघवीतला संसर्ग समजले जाते. बोटाला सुई टोचून काही सेकंदांत होणारी तपासणी इथे जीव वाचवते. अशा मुलाला फक्त गोळ्यांवर ठेवणे किंवा कुणाच्या सांगण्यावरून इन्सुलिन थांबवणे जिवावर बेतते.

टाइप १ फक्त लहानपणीच होतो असे नाही. पस्तिशी-चाळिशीतला सडपातळ माणूस, घराण्यात मधुमेह नाही, दोन-तीन गोळ्या घेऊनही साखर वाढतेच, वजन घटते, अशा वेळी “गॅड अँटिबॉडी आणि सी-पेप्टाइड तपासायचे का?” असे विचारा. मात्र सडपातळ म्हणजे टाइप १ असेही नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले की अंगाने बारीक दिसणाऱ्या भारतीयांच्याही शरीरात चरबीचे प्रमाण जास्त असते, त्यामुळे आपल्याकडे टाइप २ कमी वजनातही होतो. बालपणीच्या कुपोषणाशी जोडलेल्या मधुमेहाला आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २०२५ मध्ये ‘टाइप ५’ म्हणून मान्यता दिली. या रुग्णांना मोठे इन्सुलिन डोस घातक ठरू शकतात.

पन्नाशीनंतर अचानक मधुमेह, सोबत कारण नसताना घटणारे वजन, पाठीत जाणारी पोटदुखी असेल तर स्वादुपिंडाची तपासणी करून घ्या. क्वचितच, पण तिथल्या कर्करोगाची ती पहिली खूण असते.

चिठ्ठीतल्या गोळ्या ओळखा

पट्टीवर कंपनीने दिलेले नाव असते. खऱ्या औषधाचे नाव वेगळे लिहिलेले असते, आणि अनेकदा एका गोळीत दोन-तीन औषधे असतात. औषधाचे नाव आणि मिलिग्रॅम तेच असेल तर दुसऱ्या कंपनीची गोळी चालते. पण नावापुढच्या ‘एम १’ आणि ‘एम २’ यांत एका औषधाचा डोस दुप्पट होतो. शिवाय दोन डॉक्टरांनी दोन नावांनी एकच औषध दिलेले नाही ना, हेही पाहा.

मेटफॉर्मिन बहुतेकांची पहिली गोळी. स्वस्त, जुनी, एकटी घेतली तर सहसा साखर फार खाली नेत नाही. सुरुवातीला पोट बिघडते. जेवणासोबत घेतली आणि डोस हळूहळू वाढवला तर ते थांबते. सावकाश विरघळणाऱ्या गोळीचे रिकामे कवच शौचात दिसू शकते, त्याने घाबरू नका. किडनीचे कार्य दाखवणारा ईजीएफआर ३० च्या खाली गेला तर ही गोळी बंद करतात.

हिचा खरा सापळा वेगळा आहे. वर्षानुवर्षे घेतल्यावर काहींचे बी-१२ जीवनसत्त्व कमी होते. पायांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो, आणि “साखरेने नसा खराब झाल्या” असे म्हणून नसांची महागडी औषधे सुरू होतात. कमतरता बी-१२ ची असेल तर ती भरून काढता येते, पण उशीर झाला तर नसांचे नुकसान कायमचे राहते. तुम्ही शाकाहारी असाल किंवा रोज पित्ताची गोळी घेत असाल तर बी-१२ तपासून घेण्याचा आग्रह धरा.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्या स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेतात. स्वस्त आणि परिणामकारक, पण पोटात अन्न नसले तरी काम करतात. एकादशी, चतुर्थी, नवरात्र, जुलाबाचा दिवस, लग्नघरी लांबलेले जेवण. साखर धोकादायकरीत्या खाली जाते ती अशाच दिवशी. उपासाच्या आधी डोस काय करायचा, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. सत्तरीतल्या आई-वडिलांना ग्लिबेनक्लामाइड चालू असेल आणि किडनी कमजोर असेल, तर गोळी बदलण्याविषयी तातडीने बोला.

वयस्कर माणसात साखर उतरल्याची लक्षणे फसवी असतात: असंबद्ध बोलणे, चिडचिड, तोल जाणे. अर्धांगवायू किंवा म्हातारपणाचे विस्मरण समजून वेळ जातो. आधी साखर मोजा. ७० च्या खाली असेल आणि माणूस शुद्धीवर असेल तर तीन-चार चहाचे चमचे ग्लुकोज किंवा साखर पाण्यात द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा. ग्लिबेनक्लामाइडसारख्या गोळीचा परिणाम बराच वेळ राहतो, म्हणून एकदा बरे वाटले तरी पुढचे काही तास त्यांना एकटे सोडू नका.

व्होग्लिबोज, अकार्बोज घेणाऱ्यांसाठी वेगळी सूचना: साखर उतरली तर घरची साखर, चॉकलेट, पेढा लवकर उपयोगी पडत नाही, कारण ही औषधे साखरेचे विघटनच रोखतात. ग्लुकोज पावडरच जवळ ठेवा.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. हृदय आणि किडनीला त्यांचा चांगला फायदा होतो. यांच्यावर असताना लघवीच्या तपासणीत साखर दिसणारच. त्यावरून मधुमेह बिघडल्याचा निष्कर्ष काढू नये. जननेंद्रियाला खाज किंवा बुरशी येऊ शकते, लाजून लपवू नका. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे उलट्या, कडक उपास किंवा शस्त्रक्रिया अशा वेळी साखर २०० च्या आत असतानाही रक्तात आम्ले साचू शकतात. “साखर तर बरी आहे” म्हणून रुग्णाला घरी पाठवले जाते. उलट्या, धाप आणि पोटदुखी असेल तर गोळीचे नाव सांगून कीटोन तपासायला सांगा. ठरलेल्या शस्त्रक्रियेच्या किमान तीन दिवस आधी ती थांबवतात.

सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन सौम्य आहेत, वजन वाढवत नाहीत. तीव्र पोटदुखी झाली तर लगेच दाखवा. पायोग्लिटाझोनवर भारतात जून २०१३ मध्ये बंदी आली आणि काही आठवड्यांतच ती इशाऱ्याच्या चौकटीसह उठली. पाय सुजणे, धाप लागणे असेल किंवा मूत्राशयाच्या कर्करोगाचा इतिहास असेल, तर ही गोळी तुमच्यासाठी नाही.

सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपाटाइड वजनही कमी करतात, म्हणून त्यांना आज मोठी मागणी आहे. मळमळ सामान्य आहे आणि डोस हळूहळूच वाढवायचा असतो. सेमाग्लुटाइडची गोळी असेल तर ती सकाळी रिकाम्या पोटी, अर्धा कप पाण्यासोबत, आणि त्यानंतर अर्धा तास चहासुद्धा नाही. हे पाळले नाही तर महागडी गोळी वाया जाते.

इन्सुलिन: बाटली आणि सिरिंज जुळते का?

आपल्याकडे अनेक बाटल्या यू-४० असतात, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. पेनची काडतुसे यू-१०० असतात. लाल झाकणाची सिरिंज यू-४० साठी, केशरी झाकणाची यू-१०० साठी. पेन बिघडला म्हणून काडतुसातले इन्सुलिन लाल झाकणाच्या सिरिंजने १० च्या खुणेपर्यंत ओढले, तर प्रत्यक्षात २५ युनिट शरीरात जातात. उलट चूक केली तर १० ऐवजी ४ च. प्रत्येक नवीन खरेदीच्या वेळी दोन्ही आकडे जुळवून पाहा.

इन्सुलिन फ्रीजरमध्ये ठेवू नका, गोठलेले फेकून द्या. वापरात नसलेले २ ते ८ अंशांत, वापरातले साधारण चार आठवडे खोलीत चालते. विदर्भ-खानदेशच्या उन्हाळ्यात फ्रीज नसेल तर ओल्या वाळूत ठेवलेले मातीचे मडके उपयोगी पडते. एकाच जागी टोचत राहिल्याने गाठी होतात आणि तिथले इन्सुलिन नीट शोषले जात नाही. मग डोस वाढतो, जागा बदलली की साखर एकदम कोसळते. डॉक्टरांना टोचण्याच्या जागा हाताने चाचपायला सांगा.

गोळी कायमची का?

सगळ्यांसाठी नाही. ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ या अभ्यासात, निदानाला सहा वर्षे झालेली नव्हती अशा टाइप २ रुग्णांपैकी ४६ टक्के जण वजन घटवून वर्षाअखेर औषधाविना मधुमेहाच्या मर्यादेखाली आले. महाराष्ट्रात डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या दोन वेळा जेवण्याच्या मोहिमेने हा विचार घराघरांत नेला. मात्र ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू असताना जेवण कमी केले आणि डोस तसाच ठेवला, तर अपघात ठरलेला. आधी डोस, मग ताट. टाइप १ मध्ये इन्सुलिन सोडण्याचा प्रश्नच येत नाही.

“मुळापासून बरा” करणाऱ्या चूर्णांपासून दूर राहा. मधुमेह बरा करण्याचा दावा करणारी औषधाची जाहिरात १९५४ च्या ‘औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती)’ या केंद्रीय कायद्याने निषिद्ध आहे. २००८ मध्ये सिंगापूरमध्ये लैंगिक शक्तीसाठी विकल्या गेलेल्या बेकायदा गोळ्यांत ग्लिबेनक्लामाइड मिसळलेले निघाले. मधुमेह नसलेल्या लोकांचीही साखर कोसळली आणि काही दगावले. ज्या पुडीवर घटक लिहिलेले नाहीत, ती पोटात घेऊ नका.

तुम्ही काय मागू शकता

- वैद्यकीय आचारसंहितेनुसार डॉक्टरांनी औषधाचे मूळ नाव सुवाच्य लिहायचे असते. वाचता येत नसेल तर पुन्हा लिहून मागा.
- रुग्णालयातले तुमचे कागद मागितल्यापासून ७२ तासांत मिळाले पाहिजेत.
- राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्क सनदेत दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्याचा आणि औषध किंवा चाचणी कुठून घ्यायची हे निवडण्याचा हक्क आहे. रुग्णालयातल्याच मेडिकलची सक्ती करता येत नाही.
- १ ऑगस्ट २०२३ पासून ठरावीक ३०० ब्रँडवर क्यूआर कोड बंधनकारक आहे. मोबाइलने तपासता येतो.
- डापाग्लिफ्लोझिन (२०२०), सिटाग्लिप्टिन (२०२२) आणि एम्पाग्लिफ्लोझिन (२०२५) यांची पेटंट संपल्यावर स्वस्त पर्याय आले. जुन्याच महाग ब्रँडवर असाल तर जनऔषधी केंद्रात किंमत विचारा आणि डॉक्टरांशी बोलून बदल करा.

पुढच्या भेटीला जाताना घरातल्या सगळ्या पट्ट्या, काढे आणि चूर्णे एका पिशवीत घालून न्या. टाइप २ चे निदान झाल्यापासून डोळ्यांचा पडदा, लघवीतले अल्ब्युमिन आणि पायांची संवेदना वर्षातून एकदा तपासली जाते का, हे विचारा. आणि प्रत्येक गोळीवर बोट ठेवून विचारा: ही अजून लागते का, माझ्या किडनीला चालते का, आणि उपासाच्या किंवा आजारपणाच्या दिवशी हिचे काय करायचे?